ओठ दिसतील असा टीव्ही

पुलाच्या मधोमध ताई थांबल्या, माझा खांदा धरून मला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आता बोल. मघापासून काय पुटपुटतेयस?"

"काही नाही हो. देवाला सांगत होते, पहिल्याच दुकानात मिळू दे."

"पहिल्याच कशाला? चांगली चार दुकानं हिंडू दे म्हण. मला काय रोज कुणी टीव्ही घ्यायला नेतंय?"

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, माझी नणंद. त्यांना ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखतात. त्यामुळे चालता चालता बोलायची आमची सोय नाही. काही सांगायचं तर थांबायचं, समोरासमोर यायचं आणि तोंडावर उजेड आहे ना ते बघायचं. आमच्या घरापासून टीव्हीच्या दुकानांपर्यंतचा रस्ता मुळात लांब, त्यात आमच्या या थांबण्यांनी तो आणखी लांबतो. मी बसने जाऊ म्हणाले होते, पण ताई म्हणाल्या, "बसमध्ये सगळ्यांची डोकी मागून दिसतात. मी काय डोक्यांशी बोलू?"

बघणाऱ्याला वाटतं, दोघींची भररस्त्यात जुंपलीय. त्या दिवशी पुलावर एक सायकलवाला ताईंच्या समोर थांबून म्हणाला, "जाऊ द्या हो मावशी, सोडून द्या." ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतोस म्हणून सोडते हिला." तो बिचारा समाधानाने निघून गेला.

ताईंचं सगळं आयुष्य मागांच्या शेडमध्ये गेलं. वडील गेले तेव्हा माझा नवरा दप्तर सांभाळण्याच्या वयाचा होता आणि ताई नुकत्या साडी नेसायला लागल्या होत्या. कापडाच्या कारखान्यात त्या कांड्या भरायला लागल्या. मागाला आडवं सूत पुरवायला लहान नळ्यांवर सूत गुंडाळावं लागतं, त्यांना कांड्या म्हणतात. शेडमध्ये माग असे धडधडायचे की शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जायचं नाही. मग ओरडायचंच कशाला? तिथल्या सगळ्याच बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी कथा सांगायची आणि मधल्या बाया त्यात आपली भर घालायच्या. एकदा एक मुकादम नवा आला होता. त्याला ही विद्या येत नव्हती. बाया त्याच्या तोंडावर त्याच्या टकलाचं कौतुक करत होत्या आणि तो बिचारा "कामाला लागा" म्हणत मधून फिरत होता. हे सांगताना ताई अजून डोळे पुसून हसतात.

त्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू गेले. कधी गेले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही, कारण बोलणं त्यांना तोवर दिसतच होतं. पण तोवर त्यांच्या मजुरीवर भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. मी या घरात आले ती त्या मजुरीच्या पायावर उभ्या असलेल्या घरात. त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणतात, "राहून गेलं नाही गं, वाचले."

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं, नणंदेशी मोठ्याने बोल. पहिल्या दिवशी मी घसा फोडून "चहा घेता का" असं विचारलं. ताईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "अगं धाकटे, ओरडू नकोस. हळू बोल, पण माझ्याकडे बघून बोल." त्या घरात मी धाकटी, म्हणून तेव्हापासून मला त्या धाकटीच म्हणतात. आणि त्यांच्या त्या एका वाक्याने माझा संसार सोपा झाला. आमच्या घरात कुणी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत टोमणा फेकत नाही. पाठ फिरवून कुणी पुटपुटत नाही. भांडायचं असलं तरी आधी समोर येऊन बसावं लागतं, आणि समोर बसून एकमेकांचं तोंड बघितलं की निम्मं भांडण तिथेच विरतं. दुसऱ्यांच्या घरी गेले की मला हे फार जाणवतं.

एवढं असून एका जागी मात्र ताई मागे पडायच्या, ती म्हणजे टीव्ही. आमचा टीव्ही जुना, पेटीसारखा, मागे पोट आलेला. त्याच्यावर माणसांचे चेहरे पाण्यात भिजलेल्या कागदासारखे दिसायचे. ओठ कुठे सुरू होतात आणि हनुवटी कुठे, याचा पत्ता नाही. काही कार्यक्रमांत खाली अक्षरं येतात खरी, पण आमच्या मालिकांना ती नसतात, आणि असती तरी ताईंची चौथीपर्यंतची शाळा त्या अक्षरांच्या मागे धावू शकली नसती. संध्याकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि आमची लेक, मालिका बघत हसायचो. ताई आमची तोंडं बघत बसायच्या. मग लेक त्यांच्यासमोर जाऊन सांगायची, "आत्या, तो असं असं म्हणाला." मग त्या हसायच्या. तोवर आमचं हसून झालेलं असायचं.

एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रेमाने सांगता, नाही म्हणत नाही मी. पण मला रोज शिळं हसू वाढता. एकदा तरी तुमच्या पंगतीला बसून ताजं हसायचंय."

हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर टीव्ही घ्यायचं ठरलं. हे म्हणाले मी आणतो. ताई ऐकेनात. कारखाना सोडताना त्यांना काही पैसे मिळाले होते. त्यांना त्या 'कानांचे पैसे' म्हणायच्या. त्यातून कानाचं यंत्र घ्यावं असं आमचं म्हणणं होतं, पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की यंत्राचा उपयोग व्हायचा नाही, नुसती खरखर वाढेल. ताई म्हणाल्या, "कान गेले त्याचे पैसे डोळ्यांना जाऊ देत. बारक्या, तुझा एक पैसा घालायचा नाही यात." माझ्या नवऱ्याचे केस पिकले तरी तो बारक्याच.

तर अशा आम्ही दोघी निघालो होतो. पैसे ताईंच्या कमरेच्या पिशवीत. जेवढे होते तेवढ्यातच बसवायचं होतं.

पहिलं दुकान मोठं होतं. काचेचं दार आपोआप उघडलं तर ताई दाराला "थँक्यू" म्हणाल्या. आत भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर मासे. रंगीत मासे, मग फुलं, मग एक धबधबा, मग पुन्हा मासे.

ताई विक्रेत्याला काहीतरी म्हणाल्या. त्याने कानाला बोट लावलं, पुन्हा विचारलं. ताई पुन्हा म्हणाल्या. तो बिचारा घाबरला. मग माझ्या लक्षात आलं. आजूबाजूला गर्दी दिसली की ताईंना शेडमध्ये असल्यासारखं वाटतं आणि त्या आवाजच काढत नाहीत, नुसते ओठ हलवतात. मी त्यांच्या हाताला हात लावला. आमची ती खूण आहे. मग त्या म्हणाल्या, चांगल्या खणखणीत, "अरे बाबा, माणूस लाव कुणीतरी. मासे बोलत नाहीत."

"मॅडम, तुम्ही रंग बघा ना. काय रंग आहेत."

"रंगाचं काय करू? मला काय स्थळ बघायचंय?"

त्याने मासे हटवले नाहीत. म्हणाला, सगळ्या टीव्हींना मिळून एकच वायर आहे, कंपनीने दिलेलंच लागतं. शिवाय तो बोलताना सारखा हातातल्या फोनकडे बघत होता, त्यामुळे ताईंना त्याच्या कपाळाशिवाय काही दिसत नव्हतं. आम्ही बाहेर पडलो. बाहेर येऊन ताई मला उजेडात उभं करून म्हणाल्या, "कपाळावरचं वाचायला मी काय ज्योतिषी आहे?"

दुसरं दुकान गल्लीत होतं, लहान. दुकानदार साठीच्या आसपासचे, नाकावर चष्मा, मिशी नाही. मिशी नाही हे ताईंनी आधी बघितलं. मिशीवाल्याचं निम्मं बोलणं मिशीतच अडकतं असं त्यांचं मत आहे. मी दुकानदारांना सगळं सांगितलं, कशासाठी हवाय आणि कितीपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि ताईंच्या समोर येऊन विचारलं, "घरी किती लांबून बघणार?"

ताई मागे मागे सरकत गेल्या आणि पंख्यांच्या खोक्यांना टेकून उभ्या राहिल्या. "एवढ्या."

त्यांनी बातम्या लावल्या आणि आवाज बंद केला. एक बाई बातम्या देत होती. आधी लहान टीव्हीवर. चेहरा स्वच्छ होता, पण एवढासा. ताईंनी डोळे बारीक केले, मान हलवली. मग मोठा लावला, स्वस्तातला. बाई मोठी झाली, पण ताई म्हणाल्या, "हिच्या ओठांचा लगदा झालाय." मग त्यांनी दाराजवळ लावलेला एक दाखवला, पूर्ण एचडीचा. ताई नुसत्या बघत राहिल्या. आणि मग बोलायलाच लागल्या. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत होते आणि आवाज ताईंचा येत होता.

"जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या सकाळी पाणी उशिरा येईल, नागरिकांनी पाणी साठवून ठेवावं…"

बिलं करणारी मुलगी टेबलामागून उठली. "खरंच? उद्या?" तिने फोन काढला आणि घरी लावला, "आई, पिंप भरून ठेव गं."

मी ताईंकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी असा आधी बघितला नव्हता. मग मी किमतीची चिठ्ठी वाचली आणि माझं मन खट्टू झालं. आमच्या पिशवीपेक्षा ती बरीच वर होती. ताईंनीही वाचली. आकडे त्यांना चांगले वाचता येतात. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चल. लहान असला म्हणून काय झालं, खुर्ची पुढे ओढून बसेन."

दुकानदार "एक मिनिट" म्हणाले आणि आतल्या काचेच्या खोलीत गेले. त्या मुलीलाही आत बोलावलं. आम्हाला काही ऐकू येणार नव्हतं. ताई तिकडे बघत उभ्या होत्या आणि मी मनात देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "मावशी, हा बाहेर लावलेला पीस आहे ना, त्याचं खोकं फाटलंय. त्यामुळे तो कमी किमतीत काढायचाय. वॉरंटी पूर्ण मिळेल." आणि जो आकडा तिने सांगितला तो पिशवीत बसत होता, वर थोडे उरतही होते.

ताईंनी पैसे दिले, पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि मग दुकानदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खोकं फाटलंय हे खरं ना?"

"फाटलंय की. दाखवू?"

"नको. खरं असेल तर ठीक. खोटं बोलून दिला असता तर घेतला नसता. आणि मला कमीपणा वाटला नाही हो. तुम्ही त्या पोरीला सांगितलंत ना, बाईंना कमीपणा वाटेल असं काही बोलू नकोस, म्हणून सांगते."

दुकानदार मुलीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं काका."

"मग कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की," ताई म्हणाल्या. "काच स्वच्छ आहे तुमची."

ते आधी लाजले, मग हसले. मग त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. टीव्ही एचडी असला तरी केबलची जुनी डबी ठेवली तर चित्र जुनंच दिसेल, डबीही एचडी घ्यावी लागेल. ताई म्हणाल्या, "ती बारक्याला घेऊ दे. नाहीतर रुसून बसेल."

परत येताना त्या पुलावर पुन्हा थांबल्या. पाण्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. कुणाला जोडले ते विचारायची गरज नव्हती. देवालाही होते आणि त्या चष्मेवाल्यांनाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही आला आणि तो भिंतीवर बसवायला एक मिस्त्री आला. आता आमच्या बाहेरच्या खोलीबद्दल सांगायला हवं. खोलीत एकच मोठी खिडकी आहे आणि तिच्या बरोबर समोर एक खुर्ची असते. तिला आम्ही बोलायची खुर्ची म्हणतो. पाहुणा आला की त्याला तिथेच बसवायचं, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर पडतो आणि ताईंना त्याचं बोलणं दिसतं. मिस्त्रीने विचारलं, "कुठे लावू?" तर आम्ही चौघांनी एकदम बोट दाखवलं, खिडकीसमोर, बोलायच्या खुर्चीच्या वर.

"इथे? नक्की ना?"

"नक्की," हे म्हणाले. "उजेड तोंडावर पडायला नको का?"

मिस्त्रीने आमच्याकडे एकदा नीट बघितलं. पण घर आमचं आणि भिंत आमची. त्याने भोकं पाडली, टीव्ही टांगला, डबी जोडली आणि रिमोट ताईंच्या हातात दिला. आम्ही ओळीने बसलो. ताईंनी बटण दाबलं.

पडद्यावर आमची खिडकी दिसली. तिचे गज, बाहेरचं झाड, दोरीवर वाळत घातलेला यांचा पायजमा, आणि ओळीने बसलेले आम्ही चौघं. मागे कुठेतरी फिकट फिकट कुणीतरी बातम्या देत होतं.

ताईंनी मान पुढे काढून बघितलं. म्हणाल्या, "चित्र फार स्पष्ट आहे. पायजम्याची नाडीसुद्धा दिसते."

लेक आधी हसली का हे हसले का मी, ते आता आठवत नाही. मिस्त्रीसुद्धा शिडी धरून हसत होता. माणसाच्या तोंडावर पडलेला उजेड त्याचं बोलणं दाखवतो आणि काचेवर पडलेला लपवतो, एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकालाही सुचली नव्हती. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक बोलणाऱ्याला तिथेच बसवलं होतं, मग टीव्हीलाही पाहुण्यासारखं तिथेच बसवलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी ताईंकडे बघितलं. त्याही पोट धरून हसत होत्या. कुणी त्यांच्यासमोर जाऊन काही सांगितलं नव्हतं. आमच्याबरोबरच, आमच्याइतक्याच हसत होत्या. टीव्हीवर अजून एक शब्द दिसला नव्हता आणि ज्यासाठी तो आणला होता ते होऊनही गेलं होतं.

मिस्त्रीने तो बाजूच्या भिंतीवर हलवला. जास्तीचे पैसे घ्यायला तयार होईना, म्हणाला, "एवढं हसलो, तेच पुष्कळ." चहा मात्र दोनदा घेतला. आधीच्या भोकांवर आम्ही कॅलेंडर टांगलंय.

संध्याकाळी ताईंनी आमच्या शेजारी बसून मालिका बघितली. सगळं काही जमलं असं नाही. माणसं पाठ करून बोलतात, कधी तोंडावर हात ठेवतात, कधी दुसऱ्याच कुणाचा चेहरा दाखवतात. ताईंनी एकेकाचा निकाल लावला. "ही तोंडच उघडत नाही, हिचा पगार कापा. हा म्हातारा छान बोलतो, शेडमध्ये चालला असता." पण म्हातारा बोलला की त्या हसायच्या, आमच्याबरोबर. एकदा तर कुकरच्या शिट्टीत आम्हाला काही ऐकू आलं नाही आणि त्या एकट्याच हसल्या. लेकीने विचारलं, "आत्या, काय म्हणाला तो?" ताई म्हणाल्या, "थांब, गरम करून वाढते," आणि सगळं सांगितलं.

मालिका संपल्यावर मी रोजच्यासारखा टीव्ही बंद केला आणि देव्हाऱ्यासमोर दिवा लावला. रोज मी तिथे उभी राहून प्रार्थना म्हणते. ताई माझ्या मागे हात जोडून बसतात. मी या घरात आले तेव्हापासून असंच आहे. माझं म्हणून झालं, मी नमस्कार केला आणि वळले, तर ताई माझ्याकडेच बघत होत्या.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "एक मागू?"

"मागा ना."

"तू इतकी वर्षं म्हणतेस, मी मागे बसते. तुझे खांदे हलताना दिसतात, त्यावरून संपलं हे कळतं. तू काय म्हणतेस ते मला कधी दिसलंच नाही. उद्यापासून देवाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून म्हण. तो रागावणार नाही. त्याला ऐकू येतं."